आमची वाटचाल : कोऱ्या रकान्यांपलीकडे

कंपनी काढण्याआधी मी लहान उद्योगांच्या कर्जअर्जांची छाननी करायचो. तारण : नाही. ताळेबंद : नाही. पूर्वीचं कर्ज : नाही. तिन्ही रकाने कोरे असले की अर्ज बाजूला पडायचा. समोरचा माणूस दहा वर्षं नेटानं धंदा चालवतोय, उधारी चोख फेडतोय, हे लिहायला फॉर्मवर जागाच नसायची. ते मला फार लागायचं. शेवटी दोन सहकाऱ्यांना घेऊन मी नोकरी सोडली आणि स्वभावावरून परतफेडीचा अंदाज बांधता येतो का, या कामाला लागलो.

कल्पना आमची नव्हती. १९१२ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तिथले बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पैसा आणि मालमत्तेच्या आधी चारित्र्य, असं ठामपणे सांगितलं होतं. पण ते चारित्र्य ओळखीतून कळायचं. ज्याला बँकेत कुणी ओळखत नाही, त्याचं काय? त्यावर हार्वर्डमधून पुढे आलेल्या ‘आंत्रप्रेन्युअरल फायनान्स लॅब’नं प्रश्नावलीची वाट धरली. पेरूमध्ये तिची चाचणी झाली, तेव्हा ज्यांच्या कर्जाची आधी कुठेच नोंद नव्हती, अशा उद्योजकांना धोका न वाढवता जास्त कर्ज देता येतं, असं दिसलं. आम्हाला तेवढा आधार पुरला.

आमची पहिली प्रश्नावली मात्र साफ फसली. ‘मी दिलेला शब्द पाळतो’ या वाक्यापुढे जवळपास सगळ्यांनीच ‘पूर्ण सहमत’ निवडलं. कर्ज हवं असलेला माणूस दुसरं काय निवडणार? मग आम्ही दोन चांगल्याच वाक्यांतून एक निवडायला लावलं : ‘ठरलेलं काम ठरल्या दिवशी संपवतो’ की ‘नवी संधी दिसली की लगेच उडी घेतो’. दोन्ही गुणच आहेत, त्यामुळे सोंग आणणं अवघड जातं. धंद्यातल्या शब्दांच्या यादीत एक मुळात नसलेला शब्दही पेरला. तो ‘चांगला माहीत आहे’ म्हणणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांकडे आम्ही जरा जपून पाहतो.

गुण द्यायचे कसे, हे मात्र आमच्या मतावर सोडून चालणार नव्हतं. बोलघेवडा माणूस आम्हालाही आवडतो. म्हणून तो हप्ते भरेलच असं नाही. ज्यांना नाकारलं ते फेडणारे होते का, हे तर कधीच कळत नाही. म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेला विनंती करून सुरुवातीला कमी गुणांच्या काही अर्जदारांनाही छोटी कर्जं द्यायला लावली आणि हप्त्यांची वाट पाहत बसलो. हातात कमाई नसताना तो काळ काढणं जड गेलं. पण त्याशिवाय आमच्या गुणांना काडीचाही अर्थ नव्हता, हे आजही मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. उत्तराला फार वेळ लागला की आम्ही गुण कापायचो. विचार करून खोटं बोलत असणार, हा आमचा समज. एकदा मी शाखेत नुसता बघत बसलो होतो. एक बाई आल्या. मुलगी फोनवरचा प्रश्न वाचून दाखवत होती. त्या डोळे मिटून ऐकायच्या, पुन्हा वाच म्हणायच्या, मग उत्तर सांगायच्या. ‘हप्ता चुकणार असं दिसलं तर काय कराल?’ या प्रश्नावर त्या अडल्या. चारही पर्याय दोनदा ऐकले आणि मला म्हणाल्या, “ज्याचे पैसे द्यायचेत त्याला आधी जाऊन सांगायचं, हे कुठे आहे यात?”

नव्हतंच ते. तिकडे घड्याळ त्यांचे गुण कापत होतं.

त्याच आठवड्यात वेळेचे गुण आम्ही काढून टाकले आणि त्यांचं उत्तर पाचवा पर्याय म्हणून घातलं. कमी गुण पडले तरी अधिकाऱ्यानं धंद्याच्या जागी जाऊन आल्याशिवाय अर्ज नाकारायचा नाही, ही अट करारात आली. आता प्रश्नावली उघडली की पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत येतं : ‘सावकाश सोडवा. कुणाकडून वाचून घेतलंत तरी चालेल.’