सदरलँडला जाताना सेरेसचा रस्ता धरू नका

केपटाउनहून सदरलँडच्या वेधशाळेकडे निघणाऱ्यांनी एवढं ऐकाच. एन 1 महामार्ग धरा, माइकीजफोंटेनला डावीकडे आर 354 वर वळा आणि डांबर सोडू नका. पावणेचारशे किलोमीटर, चार-साडेचार तास. आम्ही सेरेसवरून गेलो, कारण ओळखीच्या एकाने ठासून सांगितलं होतं, "कच्चा आहे, पण काही होत नाही." होतं. आर 355 आणि पुढे आर 356, शंभराहून जास्त किलोमीटर खडी. आपल्याकडच्या मुरमासारखी नव्हे; चपटे, धारदार, कडेवर उभे राहिलेले दगड. वेग वाढला की टायरची बाजूच चिरते आणि बाजू चिरली की पंक्चर निघत नाही. आमचे दोन टायर गेले, स्टेपनी एक. मग टांक्वा कारूच्या ओसाड पट्ट्यात पावणेतीन तास, ना झाड, ना रेंज, नुसता जुलैचा बोचरा वारा. शेवटी मेंढरं पाळणारा एक शेतकरी टायर आपल्या पिकअपमध्ये टाकून घेऊन गेला आणि दुसरा बसवून परत आला. पैसे घेईना. भाड्याच्या गाडीवाल्यांनी मात्र दोन्ही टायरचे पैसे घेतले, वर कच्च्या रस्त्याचा दंड. विम्यात टायर धरलेलेच नव्हते. करारात टायर आणि काच हे शब्द शोधा. नसतील तर ती गाडी घेऊ नका.

उशीर झाल्याचा दुसरा फटका डोंगरावर बसला. अंधार पडल्यावर दुर्बिणींजवळ हेडलाइट चालत नाहीत, बारीक दिव्यांवर रांगत जावं लागतं. सूर्य मावळण्याआधी पोहोचा.

मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलो होतो. बरोबर घाना, झांबिया आणि मादागास्करचे तीन एम.एस्सी.चे विद्यार्थी. दक्षिण आफ्रिकेतली विद्यापीठं 2003 पासून खगोलशास्त्राचा एक संयुक्त अभ्यासक्रम चालवतात, त्यात आफ्रिकाभरची मुलं येतात. बहुतेक पाहुणे प्राध्यापक त्यांना सॉल्ट, म्हणजे इथली सर्वांत मोठी दुर्बीण, दाखवून परत नेतात. सॉल्ट भव्य आहे यात शंका नाही: 91 षटकोनी आरसे, मिळून 11 मीटरचा पसारा. आराखडा टेक्सासच्या दुर्बिणीवरून घेतलेला, पैसा अनेक देशांचा, त्यात आपली पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुकाही भागीदार. ज्याचा जेवढा वाटा, त्याला तेवढा वेळ. पण तिला डोळा लावायची जागाच नाही, आणि निरीक्षणं तिथले खगोलशास्त्रज्ञ करतात. आपल्याला फाईल येते. विद्यार्थ्यांसाठी ती एका दुपारची गोष्ट आहे. रात्री पर्यटकांना दाखवतात त्या दुर्बिणीही वेगळ्या, लहान असतात.

विद्यार्थ्यांना घेऊन याल तर एक मीटरच्या दुर्बिणीवर वेळ मागा, आणि निदान आठवडा मागा. आमच्या पहिल्या तीन रात्री ढगांनी खाल्ल्या. चौथ्या रात्री आकाश उघडलं. झांबियाच्या मुलीने दुर्बीण वळवली, पण पडद्यावरचे तारे हातातल्या नकाशाशी जुळेनात. मी उठणार होतो, थांबलो. तिने कागद उलटा केला, मग फिरवला, मग पाठीमागून दिव्यावर धरला. वीस मिनिटांनी तिचं बोट एका फिकट ठिपक्यावर टेकलं. तो श्वेतबटूचा, म्हणजे विझत चाललेल्या लहान, दाट ताऱ्याचा जोडतारा होता, ग्रहण लागणारा: एक तारा दुसऱ्याच्या आड जातो. तीनला थोडा वेळ असताना त्याच्या प्रकाशाचा आलेख सपाट चालला होता. बघता बघता, मिनिटभराच्या आत, तो कड्यावरून पडल्यासारखा खाली आला. ती ओरडली आणि शेजारच्या खोलीतली दोघं धावत आली. मी पंधरा वर्षं हे आलेख बघतोय, तरी अंगावर काटा आला.

आठवड्याची कार्यशाळा घेऊन, प्रमाणपत्रं वाटून परत जाणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे, येऊ नका. यायचं तर सहा आठवडे काढा आणि विश्लेषण त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच हाताने होऊ द्या. मूळ डेटाची प्रत त्यांच्या हार्डडिस्कवर राहिली पाहिजे. घानाचा मुलगा म्हणाला की त्याच्या देशातल्या कुंतुन्सेची 32 मीटरची जुनी दूरसंचार अँटेना 2017 मध्ये रेडिओ दुर्बीण होऊन उभी राहिली, तेव्हा त्याला वाटलं, आता आपल्यालाही हे करता येईल. अशा मुलाला नुसती पीडीएफ पाठवून भागत नाही.

सामानात थर्मल, लोकरीची टोपी आणि डोम उघडताना लागतील असे हातमोजे हवेतच. रात्री शून्याच्या खाली जातं. परत येताना आर 354 धरला. चार तास, नुसतं डांबर.