तुम्ही विचारलंत म्हणून: मसुद्यावर सूचना पाठवून काय होतं?

माध्यमांविषयी किंवा दूरसंचाराविषयी एखाद्या नव्या कायद्याचा मसुदा जाहीर झाला, की मी तो मिळवून वाचते, मराठीत त्याचं टिपण करते आणि ओळखीच्या लोकांना पाठवते. त्यांत तालुक्याच्या गावी यूट्यूब चॅनल चालवणारी मुलं आहेत, केबलचा धंदा करणारे आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त पत्रकार आहेत. टिपणाच्या शेवटी अमुक तारखेच्या आत हरकती व सूचना पाठवा, असं मी आवर्जून लिहिते. आणि त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "ताई, पाठवून काय होतं? सरकारला जे करायचंय ते सरकार करणारच ना?"

कधी बरंच होतं, पुष्कळदा थोडं होतं, कधी काहीच होत नाही. तरी मी पाठवते, कारण मसुद्यातली एखादी सैल शब्दरचना दुरुस्त करायला त्या घडीला एक ईमेल पुरतो. तीच रचना राजपत्रात छापून आली की ती काढायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांत कुणाला तरी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ आठवा. डिसेंबर २००८ मध्ये ते आणणारी दुरुस्ती संसदेत फारशी चर्चा न होता मंजूर झाली. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं किंवा खोटी माहिती पाठवून दुसऱ्याला त्रास, गैरसोय देणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह कुणाच्या दृष्टीनं, गैरसोय किती, याची व्याख्या कुठेच नव्हती. २००९ मध्ये कलम लागू झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीनं मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर दोन वाक्यं लिहिली होती, दुसरीनं ती फक्त 'लाइक' केली होती. त्या प्रकरणामुळे श्रेया सिंघल या तरुणीची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. एवढ्यानंही ते संपलं नाही. देशात अजूनही त्याच रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवले जातात, हे २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायाधीशांना धक्का बसला. २००८ साली त्या दोन-तीन शब्दांवर कुणी नेटानं बोट ठेवलं असतं तर पालघर टळलं असतं का, हे सांगता येत नाही. पण बोट ठेवायची वेळ तीच होती.

आता उलट बाजू. मार्च २०१५ मध्ये 'ट्राय'नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, एक सल्लामसलतीचा कागद काढला. व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर आणि नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपनीनं सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक द्यावी की नाही यावर, त्यात प्रश्न विचारले होते. कागद शंभराहून जास्त पानांचा आणि भाषा अशी क्लिष्ट की वकिलांनाही घाम फुटावा. तरीही दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. पुढे ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना आली, तिच्या बाजूनं मोठमोठ्या जाहिराती झाल्या, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं संकेतस्थळानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. "सरकारला जे करायचंय ते सरकार करणारच" या वाक्याला माझ्याकडे हे सगळ्यात ठोस उत्तर आहे.

आणि ज्या मसुद्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा झाली, तो प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा. १० नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं तो सूचनांसाठी खुला केला. १९९५ चा केबल टेलिव्हिजन कायदा जुना झाला आहे, त्याच्या जागी केबल, डीटीएच, ओटीटी या सगळ्यांना एकच कायदा असावा, हा हेतू. इथवर माझी काही हरकत नाही. १९९५ साली जे अस्तित्वातच नव्हतं त्याला १९९५ च्या कायद्यानं मोजता येत नाही.

हरकत कलम २० ला होती. वृत्तपत्रं आणि त्यांच्या हुबेहूब ई-आवृत्त्या वगळून, पोर्टल, संकेतस्थळ किंवा समाजमाध्यमांवरून बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम देणारी कोणतीही व्यक्ती, जर ते व्यवसायाचा किंवा पेशाचा भाग म्हणून पद्धतशीरपणे करत असेल, तर तिनं 'प्रोग्राम कोड', म्हणजे काय दाखवावं आणि काय नाही याची नियमावली, पाळायचा. कोणतीही व्यक्ती. म्हणजे पाचशे माणसं कामाला असलेली वृत्तवाहिनी जशी यात येते, तसा बाजार समितीतले कांद्याचे भाव आणि पंचायत समितीच्या सभा दाखवणारा, जाहिरातीतून चार पैसे मिळवणारा मुलगाही येतो. माझ्या वाचनात तरी त्याला बाहेर ठेवणारं काही सापडलं नाही.

नवा कोड पुढे ठरायचा होता. सध्याच्या केबल नियमांतला कोड पाहिला तर अभिरुचीला किंवा सभ्यतेला धक्का देणारं दाखवू नये, अर्धसत्य दाखवू नये, असं त्यात लिहिलं आहे. ऐकायला कुणाला वाईट वाटेल? पण राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालायची जी कारणं मोजून दिली आहेत, त्यांत सभ्यता आहे, बदनामी आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे. अभिरुची नाही आणि अर्धसत्यही नाही. ग्रामसेवकाच्या कारभारावर केलेली बातमी पूर्ण सत्य की अर्धसत्य, हे ठरवणार कोण? बातमी करणारा मुलगा याचं उत्तर शोधत बसणार नाही. तो ती बातमीच करणार नाही.

हे आधी घडून गेलं होतं, म्हणून मला जास्त चिंता वाटली. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्यांना हाच कोड बंधनकारक केला होता. पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' हे संकेतस्थळ मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयानं नियम ९ च्या त्या भागाला स्थगिती दिली. मूळ कायद्यानं न दिलेला अधिकार नियमांतून घेता येत नाही, हे एक कारण. आणि अशा धाकाखाली लिहिणाऱ्याचा हात आखडतो, हे दुसरं. २०२३ च्या मसुद्यानं पहिल्या कारणाची सोय केली, तीच गोष्ट थेट कायद्यात घालून. दुसरं कारण जागच्या जागी राहिलं. माझ्या सूचनेतला निम्मा मजकूर एवढ्यावरच होता.

पुढे काय झालं ते बहुतेकांच्या लक्षात नाही. जुलै २०२४ मध्ये सुधारलेल्या मसुद्याच्या प्रती मोजक्याच लोकांना दिल्याच्या बातम्या आल्या. त्यात समाजमाध्यमांवर घडामोडींबद्दल बोलणारे 'डिजिटल न्यूज ब्रॉडकास्टर' ठरतील, असं त्या बातम्यांत होतं. एकट्यानं चॅनल चालवणाऱ्यांपासून संपादकांच्या संघटनांपर्यंत सगळे बोलू लागले. १२ ऑगस्ट २०२४ रोजी मंत्रालयानं सूचनांची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली आणि सविस्तर विचारविनिमयानंतर नवा मसुदा प्रसिद्ध करू असं सांगितलं. एकट्या माणसाचं पत्र यात किती कामाला आलं, हे कुणी मोजू शकत नाही. पण पत्रं गेलीच नसती तर थांबायला कारणही नव्हतं.

मला कायदाच नको आहे, असा काही जणांचा समज होतो. तसं मुळीच नाही. रात्रीच्या चर्चांमध्ये एखाद्या आरोपीला खटल्याआधीच फासावर चढवतात ते मीही पाहते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या 'मीडिया ट्रायल'वर कठोर शब्दांत लिहिलं आहे. वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाचा दंड २०२३ मध्ये कमाल एक लाख रुपये होता, तो पुरेसा परिणामकारक नाही असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयही म्हणालं. प्रेस कौन्सिल ताशेरे ओढू शकते, शिक्षा देऊ शकत नाही. ज्याच्या घरावर खोट्या बातमीनं वरवंटा फिरला त्यानं दाद कुठे मागायची, हा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा.

पण सोडवणारा कोण, यावर माझा सगळा जोर आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचं नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेनं करावं. १९९७ मध्ये एक विधेयक लोकसभेत आलं आणि विरून गेलं, २००१ मध्ये दुसरं आलं, २००६-०७ मध्ये मसुदे झाले. ती स्वतंत्र संस्था काही आली नाही. २०२३ च्या मसुद्यातही तक्रारींच्या उतरंडीत सगळ्यात वर एक सल्लागार परिषद होती आणि तिच्या शिफारशीवर शेवटचा निर्णय केंद्र सरकारचा. बातमी सरकारबद्दलची असेल तेव्हा सरकारच न्यायाधीश, ही रचना मला मान्य नाही. सत्तेवर कोणताही पक्ष असो.

सरकारी 'फॅक्ट चेक युनिट'ची कथा याच मुद्द्याची. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचं काय खोटं हे सरकारनं नेमलेला विभाग सांगणार, अशी दुरुस्ती माहिती तंत्रज्ञान नियमांत एप्रिल २०२३ मध्ये झाली. मसुद्यावर हरकती आल्याच होत्या. व्याप्ती थोडी आवळली, गाभा तसाच राहिला. मग मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं मत दुभंगलं, तिसऱ्या न्यायाधीशांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. म्हणजे सूचना वाया गेल्या का? सूचनांत मांडलेले मुद्देच पुढे याचिकांत दिसतात. सरकारला आधी सांगितलं होतं, याची कागदोपत्री नोंद राहते आणि ती कोर्टात उपयोगी पडते.

काहीच झालं नाही अशीही उदाहरणं आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती उरली नाही आणि पत्रकार संघटनांनी मागूनही परत आली नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण भ्रष्टाचाराची बातमी नावाशिवाय होत नाही.

सूचना लिहायची कशी, हेही बरेच जण विचारतात. मी मसुदा पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी व्याख्या वाचते, कारण आपण कायद्यात आहोत की बाहेर ते तिथेच ठरतं. मग शेवटाकडे जाऊन नियम करायचे अधिकार कुणाला आणि कशाकशाचे दिलेत ते बघते. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' ही अक्षरं जितक्या वेळा येतील तितका कायदा अजून लिहायचा बाकी आहे असं समजावं. तो उरलेला भाग पुढे अधिसूचनेनं येतो आणि संसदेत त्यावर क्वचितच चर्चा होते. प्रसारण विधेयकात ही अक्षरं पानोपानी होती. त्यानंतर दंड किती, अपील कुठे, यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार कुणाला, एवढं पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

लिहिताना कलमाचा क्रमांक, आत्ताची शब्दरचना, तिनं नेमकं कुणाचं काय बिघडेल आणि त्याऐवजी काय हवं, एवढं पुरे. 'लोकशाही धोक्यात' असं लिहिलेल्या पत्राची दखल घेणं अवघड, कारण त्यावर अधिकाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. 'कलम २० मध्ये अमुक उत्पन्नाखालच्या एकट्या व्यक्तीला वगळा' यावर त्याला फाइलवर काहीतरी लिहावंच लागतं. केबलवाल्यांनी तर जरूर लिहावं. तुमच्या घरपोच धंद्याचं गणित दिल्लीत बसलेल्या माणसाला ठाऊक नाही.

भाषेची अडचण मात्र मोठी आहे. मसुदे इंग्रजीत येतात, फार तर हिंदीत. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा कायदा कौन्सिलच्या एकाच बैठकीत मंजूर करून घेतला. इंग्रजी पत्रं त्यातून वगळली होती आणि न्यायालयात अपील नव्हतं. ज्यांच्यावर कायदा येतोय त्यांना तो आधी वाचायला मिळाला पाहिजे, ही मागणी तेव्हापासूनची आहे. जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रकल्पांच्या पर्यावरणावरील परिणामांच्या तपासणीचा (ईआयए) मसुदा बावीस भाषांत आणण्याचा आदेश दिला. माध्यमांच्या प्रत्येक मसुद्याच्या वेळी मी या आदेशाचा दाखला देऊन मराठी प्रत मागते. तुम्हीही मागा. मी स्वतः सूचना मराठीत लिहिते आणि खाली इंग्रजी उतारा जोडते.

२०१४ च्या कायदापूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. अलीकडे मुदती आखडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयनं बनवलेल्या चित्रांवर आणि आवाजांवर ठळक खूण असावी असा मसुदा आला, तेव्हा सुरुवातीला जेमतेम दोन आठवडे दिले होते. त्यामुळे मुदत वाढवून मागणारं दोन ओळींचं पत्र पहिल्याच दिवशी पाठवावं. मग निवांत अभ्यास करून दुसरं.

आणि पाठवलेल्याची पोच जपून ठेवा. आलेल्या सूचनांचा गोषवारा मंत्रालयानं आपल्या संकेतस्थळावर टाकावा असंही त्याच धोरणात आहे. मुदत संपून काही महिने गेले आणि तो दिसला नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागा. केंद्राकडच्या अर्जाला दहा रुपये शुल्क लागतं, ऑनलाइन भरता येतं.