बोल्झानो, मेरानो, ब्रेन्नर: फुटून निघण्याचा प्रश्न जिथे फायलींत मुरला

युरोपातील फुटीर चळवळी म्हटल्या की आपल्याकडे स्कॉटलंड आणि कातालोनिया ही दोनच नावे पुढे येतात. २०१४ चे स्कॉटिश सार्वमत आणि २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या मतदान केंद्रांवर झालेला लाठीमार दूरचित्रवाणीने घरोघरी पोहोचवला, हे त्याचे कारण. इटलीच्या उत्तर टोकाला असलेला दक्षिण तिरोल हा प्रांत मात्र डोलोमाइट पर्वत, सफरचंदाच्या बागा आणि बर्फावरचे खेळ एवढ्यापुरताच माहितीपत्रकांत उरतो. वास्तविक, एका राष्ट्रात राहण्याची मनापासून इच्छा नसलेल्या लोकसमूहाला त्या राष्ट्राने कसे सामावून घेतले, हे पाहायचे असेल तर याहून चांगली जागा युरोपात मला ठाऊक नाही. तेवढ्यासाठीच मी तेथे गेलो. डोंगरांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना येथे फाटा देतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सां-जर्मेनच्या तहाने ब्रेन्नर खिंडीच्या दक्षिणेकडचा जर्मनभाषक तिरोल ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे एत्तोरे तोलोमेई या राष्ट्रवाद्याने तयार केलेल्या यादीनुसार इटालियन झाली आणि प्रांताची राजधानी बोल्झानो हिच्या कडेला कारखाने उभारून इटालियन कामगार वसवण्यात आले. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी येथील जर्मनभाषकांपुढे पर्याय ठेवला: जर्मनीत निघून जा, नाहीतर येथे इटालियन होऊन राहा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार गेले आणि घराघरांत ‘जाणारे’ व ‘राहणारे’ अशी भांडणे लागली. युद्धानंतर, ५ सप्टेंबर १९४६ रोजी, ऑस्ट्रियाचे ग्रुबर आणि इटलीचे दे गास्पेरी यांच्या करारात स्वायत्ततेचे वचन मिळाले. परंतु १९४८ च्या कायद्याने हा प्रांत दक्षिणेकडच्या इटालियनभाषक त्रेंतो प्रांताशी एकाच प्रदेशात जोडला गेला आणि त्या प्रदेशात बहुमत इटालियनांचेच राहिले. पुढची सारी चळवळ या एका मुद्द्यातून उभी राहिली.

जाण्याची वाट सोपी आहे. म्युनिकहून ब्रेन्नरमार्गे थेट गाडीने बोल्झानोला सुमारे चार तास लागतात, इन्सब्रुकहून दोन आणि दक्षिणेकडून, म्हणजे व्हेरोनाहून, साधारण दीड तास. वेळ असेल तर उत्तरेकडूनच यावे, कारण सीमा कशी असते आणि कशी नाहीशी होते हे १,३७० मीटर उंचीवरच्या ब्रेन्नर स्थानकात समजते. १९९८ पासून येथली नाकी उठली आहेत. तरीही शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाने पासपोर्ट सामानाच्या तळाशी ठेवू नये; परतीच्या वाटेवर जर्मन हद्दीत शिरताना पोलीस गाडीत चढून कागद पाहतात. या मार्गावर दुरुस्तीची कामेही अधूनमधून निघतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा तपासावे.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच वहीत लिहून घ्यावी, ती म्हणजे प्रत्येक स्थानकाची दोन्ही नावे. बोल्झानो म्हणजेच बोत्सन, ब्रेसानोने म्हणजेच ब्रिक्सन, विपितेनो म्हणजेच श्टेर्त्सिंग, फोर्तेत्सा म्हणजेच फ्रान्त्सेन्सफेस्टे. इटालियन रेल्वेच्या संकेतस्थळावर इटालियन आणि ऑस्ट्रियनवर जर्मन नाव टाकले की घोळ होत नाही. पाट्यांवर दोन्ही असतात. लादिन या लॅटिनमधून आलेल्या छोट्या डोंगरी भाषेच्या भाषकांच्या दऱ्यांत तिसरे नावही असते, जसे ओर्तिसेई, सांक्ट उलरिख आणि उर्तिजेई हे एकच गाव. पाट्यांचा वाद किती पेटू शकतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तोलोमेईने घडवलेली नावे काढून टाकावीत की ठेवावीत, हा येथे आजही विधिमंडळात भांडणाचा विषय आहे.

मुक्काम बोल्झानोतच करावा. उतरताना हॉटेलवाल्याकडे प्रवाशांना मिळणारा प्रांतिक वाहतूक पास मागून घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो खोलीच्या भाड्यातच मिळतो आणि त्यावर प्रांतातल्या बस व स्थानिक गाड्या मुक्कामाचे सर्व दिवस चालतात. पहिल्या सकाळी एका बेकरीत रांगेत उभा असताना माझ्या पुढच्या आजींशी जर्मन बोलीत बोलणारी मुलगी त्यांच्यामागच्या माणसाशी क्षणाचाही खंड न पडता इटालियन बोलू लागली आणि माझ्याकडे पाहून तिने काही न बोलता भुवया उंचावल्या. शहरात इटालियन भाषकच बहुसंख्य आहेत. दऱ्यांत शिरले की जर्मन सुरू होते. २०११ च्या गणनेत संपूर्ण प्रांतात जर्मन सुमारे ६९ टक्के, इटालियन २६ टक्के आणि लादिन साडेचार टक्के होते. कोठेही आधी ‘ग्र्यूस गॉट’ किंवा ‘बोन्जोर्नो’ म्हणून पुढे इंग्रजीवर आले तर कोणी नाराज होत नाही.

सुरुवात विजयस्मारकापासून करावी. तालफेर नदीच्या पुलापलीकडची ही पांढरी संगमरवरी कमान १९२८ मध्ये उघडली गेली. वास्तुरचनाकार मार्चेल्लो पियाचेंतिनी. तिचे खांब फॅसिस्ट राजवटीच्या चिन्हासारखे, म्हणजे कुऱ्हाडीभोवती बांधलेल्या काठ्यांच्या जुडीसारखे घडवले आहेत आणि माथ्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की पितृभूमीची सीमा येथे आहे, येथे ध्वज रोवा, येथूनच आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला दिल्या. ज्यांना ‘दिल्या’ त्या लोकांच्या दारातच हे वाक्य उभे आहे. जर्मनभाषकांना ती कमान पाडायला हवी होती, तर इटालियनांना तिला हात लागणेही नको होते. २००१ मध्ये पालिकेने चौकाचे नाव ‘शांती चौक’ केले, तर पुढच्याच वर्षी सार्वमतात नागरिकांनी ‘विजय चौक’ परत आणला. अखेर २०१४ मध्ये स्मारक न पाडता त्याच्या तळघरात त्याचाच पंचनामा मांडणारे प्रदर्शन सुरू झाले. प्रवेश विनामूल्य आहे, माहिती इंग्रजीतही आहे. तासभर पुरतो असे सांगतात; वाचत वाचत पाहणाऱ्याने दोन तास धरावेत.

तेथून चालत न्यायालयाच्या चौकात जावे आणि शक्यतो दिवे लागल्यावर जावे. पूर्वीच्या फॅसिस्ट पक्षकार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर हान्स पिफ्राडर याने घडवलेले भलेमोठे शिल्पपट्ट आहे, मध्यभागी घोड्यावर मुसोलिनी. त्यावर २०१७ पासून हुकूमशाहीची चिकित्सा करणाऱ्या विचारवंत हाना आरेन्ट यांचे एक वाक्य जर्मन, इटालियन आणि लादिन अशा तिन्ही भाषांत प्रकाशाच्या अक्षरांनी झळकते: आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. दिवसा अक्षरे फिकट दिसतात, अंधारात मात्र शिल्प मागे पडते आणि वाक्यच उरते. इमारतीत सध्या करखाते आहे, त्यामुळे घोडेस्वाराच्या पायाखालून लोक विवरणपत्रांच्या फायली घेऊन ये-जा करतात.

याच चौकातले समोरचे न्यायालय बाहेरूनच पाहायचे आहे, पण या प्रांताची खरी व्यवस्था तेथेच आहे, असे माझे मत झाले. येथील रहिवाशाला आपण जर्मन, इटालियन की लादिन गटाचे, हे लेखी जाहीर करता येते आणि ते पत्र बंद लिफाफ्यात न्यायालयात जपून ठेवले जाते. सरकारी नोकरी, काही अनुदाने आणि निवडणुकीतील उमेदवारी या गोष्टी त्या कागदाशी बांधलेल्या आहेत, कारण जागा गटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. शिवाय सरकारी कर्मचाऱ्याला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. शाळा जर्मन आणि इटालियन अशा वेगवेगळ्या. फक्त लादिन दऱ्यांत मुले दोन्ही भाषांत एकत्र शिकतात. जमा झालेल्या करांपैकी सुमारे ९० टक्के रक्कम प्रांताकडेच राहते, आणि रस्ते, शाळा व रुग्णालये पाहिली की ती कोठे जाते हे कळते. हे सारे १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्यातून आले.

या व्यवस्थेची किंमत मोजणाराही एक माणूस होता, त्याची गोष्ट शहरात कोणीही सांगेल. आलेक्झांडर लांगर या हरितवादी नेत्याने गट जाहीर करण्यास नकार दिला. माणसांना अशा कप्प्यांत घालणे चूक आहे, ही त्याची भूमिका. परिणामी १९९५ मध्ये बोल्झानोच्या महापौरपदासाठी उभे राहण्यास तो अपात्र ठरला. मला त्याचे म्हणणे पटते, आणि तरीही ज्या प्रांतात एकेकाळी बॉम्ब फुटत होते तेथे लिफाफे बरे, असेही वाटते.

बॉम्ब हा शब्द अलंकारिक नाही. त्यासाठी सिग्मुंड्सक्रोन किल्ल्यावर जावे. मेरानोकडे जाणारी स्थानिक गाडी पोंते दादिजे येथे थांबते, तेथून अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे. पायात चांगले बूट आणि जवळ पाणी हवे. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये, बोल्झानोचे खोरे भट्टीसारखे तापते. किल्ल्यात गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांचे पर्वतसंग्रहालय आहे. ते हिवाळ्यात आणि आठवड्यातून एक दिवस बंद असते, म्हणून आधी पाहून निघावे. बहुतेक पर्यटक ते पाहून परततात. आपण पांढऱ्या बुरुजातले छोटे दालन चुकवू नये. १७ नोव्हेंबर १९५७ रोजी या किल्ल्यावर सुमारे ३५ हजार लोक जमले होते आणि युद्धात एक पाय गमावलेले, जर्मनभाषकांच्या पक्षाचे नेते झिल्व्हियुस माग्नागो यांनी ‘त्रेंतोपासून मोकळे व्हा’ ही घोषणा दिली. ऑस्ट्रियात परतण्याची किंवा स्वतंत्र होण्याची घोषणा त्यांनी दिली नाही, आणि पुढचा सगळा इतिहास या संयमावर उभा आहे. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तोवर धीर सुटलेल्या काहींनी ११ जून १९६१ च्या रात्री, पवित्र हृदयाच्या सणानिमित्त डोंगरांवर होळ्या पेटलेल्या असताना, विजेचे ३७ मनोरे स्फोटांनी पाडले. पुढची वर्षे धरपकड, छळाचे आरोप आणि मृत्यू यांत गेली. १९६९ मध्ये मेरानोच्या अधिवेशनात माग्नागो यांच्या पक्षाने रोमशी झालेला तोडगा निसटत्या बहुमताने स्वीकारला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले.

मेरानोजवळचा तिरोल किल्ला हा याच गोष्टीचा दुसरा भाग. मेरानोहून बसने तिरोल गावात उतरावे आणि द्राक्षमळ्यांतून सुमारे अर्धा तास चालावे. मुख्य बुरुजात विसाव्या शतकाचा इतिहास मजल्यामजल्यावर मांडला आहे. एकेका टप्प्यावर थांबत वर चढता येते. जिने अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. तोही सोमवारी आणि हिवाळ्यात बंद असतो.

बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयातला बर्फमानव ओत्झी पाहण्यासाठी रांग मोठी असते, म्हणून तिकीट आधी काढावे. १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला हा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस आधी इन्सब्रुकला नेला गेला. मोजणी केली तेव्हा तो सीमेच्या इटालियन बाजूला ९२.५६ मीटर आत निघाला आणि मग त्याला बोल्झानोला आणले.

एक अर्धा दिवस त्रेंतोसाठी काढावा. गाडीने तासाच्या आत पोहोचता येते. बोल्झानोच्या मुख्य चौकात मध्ययुगीन जर्मन कवी वाल्टर याचा १८८९ चा पुतळा आहे, फॅसिस्टांनी हलवलेला आणि १९८१ मध्ये परतलेला. त्याला उत्तर म्हणून १८९६ मध्ये त्रेंतोत दान्तेचा पुतळा उभा राहिला, उत्तरेकडे हात केलेला. तेव्हा त्रेंतो ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि तक्रार करणारे अल्पसंख्य इटालियन होते, हे लक्षात ठेवून दोन्ही पुतळे एकाच दिवशी पाहावेत.

शाकाहारींची येथे उपासमार होत नाही. पालक व मऊ चीज भरलेले श्लुत्सक्राप्फन आणि पालकाचे क्न्योडल मागावेत, मात्र ‘श्पेक नको’ हे आधीच सांगावे. सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे हे तुकडे विचारल्याशिवाय कशावरही येऊन पडतात.

चळवळ संपली का, हा प्रश्न मला परतल्यावर सगळ्यांनी विचारला. ती संपलेली नाही. इटलीपासून वेगळे होण्याची मागणी करणाऱ्या ‘स्युड-टिरोलर फ्रायहाइट’ या पक्षाला २०२३ च्या निवडणुकीत ३५ पैकी ४ जागा मिळाल्या, तर दशकानुदशके सत्ता राखणाऱ्या, माग्नागो यांच्याच स्वायत्ततावादी पक्षाच्या १५ वरून १३ झाल्या आणि त्याने इटालियन उजव्या पक्षांना, ‘इटलीचे बंधू’ या उत्तर-फॅसिस्ट परंपरेतून आलेल्या पक्षासह, सोबत घेऊन सरकार बनवले. पूर्वीच्या पिढीला हे खरे वाटले नसते. रस्त्यांच्या खांबांवर ‘दक्षिण तिरोल म्हणजे इटली नव्हे’ असा मजकूर आढळतो. त्यावर स्थानिकांशी चर्चा करायला हरकत नाही, पण पहिल्या भेटीत ‘तुम्ही जर्मन की इटालियन?’ असे विचारू नये. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असे विचारले तर उत्तरही मिळते आणि बहुधा कॉफीही.

ज्यांना एकच दिवस मिळणार आहे त्यांनी सकाळी स्मारकाचे तळघर, दुपारी सिग्मुंड्सक्रोन (उन्हाळ्यात हा क्रम उलटा) आणि संध्याकाळी न्यायालयाचा चौक असे करावे. सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी तळघरासह बरीच दालने बंद असतात.