न झालेल्या सामन्याचं पान

2 मे 2021, रविवार. पश्चिम बंगालचा निकाल, पंढरपूरची पोटनिवडणूक आणि उरलेल्या जागेत कोरोना. त्या रात्री क्रीडा विभागाच्या वाट्याला एकच पान आलं होतं. आयपीएलमधल्या जोस बटलरच्या 124 धावा ही लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, संध्याकाळीच ठरली. उजवीकडचे तीन कॉलम मी फुटबॉलसाठी अडवून ठेवले होते. आपल्या वेळेनुसार रात्री नऊला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेड हरलं असतं, तर मँचेस्टर सिटी तिथेच इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकणार होती. म्हणून सिटीच्या विजेतेपदाचा मजकूर मी दुपारीच लिहून ठेवला होता.

संध्याकाळी एजन्सीची पहिली ओळ आली: चाहते मैदानात घुसले. मग फोटो यायला लागले. कोरोनामुळे महिनोन् महिने रिकामं असलेलं ते स्टेडियम, त्यात हिरव्या-सोनेरी मफलरमधली माणसं, धूर, गोलपोस्टला लोंबकळलेली पोरं. हॉटेलबाहेरही जमाव होता, त्यामुळे युनायटेडचे खेळाडू आतच अडकले होते. नऊ वाजले, सामना सुरू झाला नाही. दहा वाजून गेल्यावर तो पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा लवकरचा अंक, सोडायला वीस मिनिटं उरली होती.

रात्रपाळीचे प्रमुख मागे येऊन उभे राहिले. ‘‘‘प्रेक्षकांची हुल्लड, सामना लांबणीवर’ असं कर आणि पान सोड.’’

‘‘सर, हुल्लड म्हणून नका लावू. आपल्याच संघाचा सामना लोकांनी बंद पाडलाय, त्याला कारण आहे.’’

‘‘कारण शहर आवृत्तीत सांग. आत्ता पान सोड.’’

सोडलं. त्यांचं वेळेचं गणित बरोबर होतं, तरी तो मथळा मला आजही टोचतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे संघ तालमीचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं घेतली की अख्ख्या पेठा डोळ्यांसमोर येतात. शाहू स्टेडियमवर ज्याच्या नावानं आपण ओरडतो तो पोरगा दोन गल्ल्या सोडून राहतो. असा संघ कुणी परगावचा माणूस विकत घेईल, ही कल्पनाच तिथल्या माणसाला करता येणार नाही. मँचेस्टरच्या लोकांचं नेमकं तेच दुखणं होतं.

दोन आवृत्त्यांच्या मधल्या वेळात चहा घेताना सरांनीच विचारलं, ‘‘हं, सांग आता. भांडण काय आहे?’’

मी सांगितलं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, तोही मोठ्या प्रमाणात उसन्या पैशांवर. त्यातलं बरंचसं कर्ज चढलं ते क्लबच्याच खात्यावर. तोवर क्लब कर्जमुक्त होता. तेव्हापासून तिकिटं, जर्सी, प्रक्षेपण यांतून येणाऱ्या पैशातून व्याज जातंय.

सर सांगलीकडचे. कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘म्हणजे कारखाना घ्यायचा आणि कर्ज उसाच्या बिलातून कापायचं.’’

मी ताबडतोब वहीत लिहून घेतलं. इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

हिरवा-सोनेरी रंग कुठला, हेही त्यांना सांगितलं. 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ नावाचा संघ काढला, त्याचे ते रंग. 1902 मध्ये त्याचंच मँचेस्टर युनायटेड झालं. मालकाला नाही म्हणायचं, पण संघाला नाही म्हणायचं नाही, म्हणून लोक लाल सोडून ते जुने रंग गळ्यात घालतात. आणि ठिणगी पडली ती पंधरा दिवसांपूर्वीच. 18 एप्रिलला युनायटेडसह युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी स्पर्धा, सुपर लीग, जाहीर केली. संस्थापक क्लबांना तिथून खाली घसरण्याची भीतीच नव्हती. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. बायर्न आणि डॉर्टमुंड हे जर्मन क्लब त्यात गेलेच नव्हते. तिथे निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. हे वाक्य सरांनी दोनदा वाचायला लावलं.

मग आणखी एक बातमी आली: बाटलीच्या हल्ल्यात एका पोलिसाच्या चेहऱ्यावर मोठी जखम झाली होती. सर माझ्याकडे बघत राहिले. ती ओळ मी पहिल्याच परिच्छेदात घातली. हजारोंचा राग खरा होता आणि त्या पोलिसाच्या चेहऱ्यावरची जखमही खरी होती; एकासाठी दुसरं गाळणं मला पटलं नसतं.

शहर आवृत्तीचा मथळा सरांनी स्वतः टाइप केला: ‘क्लब कोणाचा?’ तीन कॉलम अपुरे पडले, म्हणून त्यांनी बटलरचा फोटो लहान केला. आयपीएलच्या दिवसांत आमच्या पानावर असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सकाळी आबांचा कोल्हापुरातून फोन आला. त्यांच्या हातात अर्थातच डाक आवृत्ती. ‘‘हुल्लड कसली रे ही?’’

मी मोबाइलवर शहर आवृत्तीचं पान उघडून त्यांना सगळं वाचून दाखवलं. कारखान्याच्या ओळीला ते ‘‘व्हय’’ म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, ‘‘मग मालक गेला का?’’

‘‘नाही, आबा.’’

‘‘आणि सामना?’’

‘‘परत होईल.’’

तो 13 मे रोजी झाला. लिव्हरपूलनं 4-2 नं जिंकला. मी आठ ओळींची बातमी केली.