ड्रॉ पंपाचं डुलणं अखेर थांबलं

मागच्या नोंदीत ज्या प्रेशर लूपच्या (दाब मोजून पंपाचा वेग आपोआप जुळवणाऱ्या कंट्रोलच्या) नावाने बोटं मोडली होती, तो काल रात्रभर उणे ८० मिमी पाऱ्यावर गप बसून राहिला. प्लॉट अगदी सरळ! दोनदा केबल तपासली, सेन्सर निघाला तर नाही ना म्हणून.

रिग तीच. अफेरेसिस मशिनसारखे (दात्याचं रक्त काढून हवा तो घटक ठेवायचा आणि बाकीचं परत द्यायचं, ते मशिन) दोन रोलर पंप, एक ड्रॉचा, म्हणजे रक्त ओढणारा, आणि एक सायट्रेटचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाचा, प्रमाण दहास एक. रक्ताच्या जागी पाण्यात वजनाने ४० टक्के ग्लिसरिन.

दुखणं आठवत असेलच. इनलेटला चिमटा लावला की मोटर २० आरपीएमवर ठाम, एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर) खूश, आणि वजनकाट्यावर मात्र मिनिटाला ६० मिलीऐवजी जेमतेम ५०. रोलर पुढे सरकल्यावर नळी फुगून परत गोल व्हायला हवी. मागून ओढ जास्त असली की ती चपटीच राहते आणि दर फेरीला कमी भरते. सायट्रेटचा पंप मात्र ६० चाच हिशोब धरून ढकलत राहतो. खऱ्या मशिनवर असं जास्तीचं सायट्रेट दात्याच्या अंगात गेलं की ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ओठांना मुंग्या येतात.

म्हणून पंपाआधीचा दाब मोजून वेग आवरायचा, साधा पीआय कंट्रोलर (आत्ताची आणि साठत आलेली चूक बघून दुरुस्ती करणारा). घोडं अडलं ते इथेच. २० आरपीएम आणि ३ रोलर म्हणजे सेकंदाला दाबाचा एक ठोका. सेकंदभराची सरासरी घेतली की लहर पुसली जाते. पण लूपने वेग १५ वर आणला की ठोका १.३३ सेकंदांचा होतो, सरासरीची खिडकी तोकडी पडते, आणि उरलेल्या लहरीला लूप खरा बदल समजतो. तो वेग हलवतो, लहर सरकते, की पुन्हा तेच. गेन (दुरुस्तीचा जोर) उतरवला तर चिमट्याची दखल घेईपर्यंत उणे २०० चा ट्रिप (सुरक्षेची मर्यादा) लागून पंप बंद!

तोडगा एवढाच निघाला की सरासरी वेळेवर घ्यायचीच नाही, कोनावर घ्यायची. एएस५६०० हा एन्कोडर फेरीला ४०९६ आकडे देतो. दर २ अंशांना दाबाचा एक नमुना, रिंग बफरमध्ये शेवटचे ६०. वेग काहीही असो, खिडकीत नेमका एक रोलर. गेन दुप्पट केला तरी हूं की चूं नाही.

फेरीमागे एक बारीक उंचवटा उरला होता. एका रोलरची स्प्रिंग ढिली निघाली. खाली पितळी पत्र्याची चकती सरकवली, गेला. मोटर चालवणाऱ्या टीएमसी२२०९ ड्रायव्हरबद्दल तक्रार शून्य, रात्री घरात कोणाला पत्ता लागत नाही. ‘मेडिकल ग्रेड’ म्हणून ऑनलाइन मागवलेल्या पीव्हीसी नळीची जाडी मात्र हातागणिक बदलते. सिलिकॉनच घ्या, महाग पडली तरी.

पुढे दाब आणि फ्लोचं टेबल बनवणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? पिशवी लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) टांगलेलीच आहे. गेल्या मिनिटाची घट बघून फेरीमागचे मिली हळूहळू दुरुस्त केले, तर नळी दमल्याचाही हिशोब आपोआप लागेल. टेबल रद्द. सायट्रेटचा पंपही मग सेट वेगाला न बांधता या मोजलेल्या फ्लोला बांधतो.

त्याआधी रोटरवर वेगळा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) आणि त्याचा स्वतंत्र कंट्रोलर, जो थेट ड्रायव्हरचा एनेबल (मोटर चालू ठेवणारा सिग्नल) तोडेल. वेग मोजणारा आणि वेग ठरवणारा एकच असला की चोराच्या हाती किल्ल्या. कोणी एटीटायनीवर (छोट्या मायक्रोकंट्रोलरवर) हे केलं असेल तर सर्किट टाका.