आमची वाटचाल: टिळकवाडीतला आरसा

बेळगावातल्या टिळकवाडीत आम्ही ॲनिमेशन शिकवतो. आमच्या स्टुडिओत येणारा प्रत्येक पालक आधी कॉम्प्युटर मोजतो. किती आहेत, रॅम किती, ग्राफिक कार्ड कुठलं. आरशाकडे कोणी बघत नाही. दारातून आत आलं की उजव्या भिंतीला लोखंडी कपाटाच्या दाराचा आरसा आहे, खालच्या कोपऱ्यात तडा गेलेला. कपाट मामांचं. दार त्यांनीच स्क्रू काढून रिक्षात घालून आणलं, आणि मामींना ते चार दिवसांनी कळलं. 2004 च्या दिवाळीत सुरू केलं तेव्हा आमचं भांडवल म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं हप्त्यावर होतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणत. बोर्ड रंगवायचे, हौशी नाटकांत मेकअप करायचे, एखादा नट आला नाही तर स्वतः उभे राहायचे, आणि शिवजयंतीला चित्ररथावर जिवंत देखावा बसवायचे. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मावळे होऊन उभी असलेली पोरं, आणि ट्रॉली एकाच चौकात तास तासभर अडकलेली. त्या पोरांना मामा खालून ओरडायचे, "हलू नको म्हटलं म्हणजे मरू नको रे! श्वास घे की. छातीतनं घे, खांद्यातनं नको." मी तेव्हा जनरेटरची वायर सांभाळत बसलेला असायचो. पुढं मुलांना मूव्हिंग होल्ड, म्हणजे पोझ धरूनही जिवंत ठेवणं, शिकवायची वेळ आली तेव्हा मला वेगळं काही शोधावं लागलं नाही. थ्रीडीमध्ये कॅरेक्टर पूर्ण गोठलं की त्याचं बाहुलं होतं. पोझ धरलेली असली तरी ती वीस-पंचवीस फ्रेममध्ये, म्हणजे साधारण सेकंदभरात, त्याच दिशेला जराशी सरकत राहिली पाहिजे. हे मी ट्रॉलीखाली शिकलोय.

सुरुवातीला लाइट बॉक्स, म्हणजे खालून उजेड देऊन एका चित्रावर दुसरं काढायची पेटी, मामांनी केला. प्लायवूडची पेटी, आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. पेग बारच्या, म्हणजे कागद जागच्या जागी धरणाऱ्या पट्टीच्या, खुंट्या उद्यमबागेतल्या एका लेथवर पितळेतून टर्न करून घेतल्या. खास पंच परवडण्यातला नव्हता, म्हणून ऑफिसातल्या साध्या पंचिंग मशिनची दोन भोकं पडतात त्याच मापावर खुंट्या बसवल्या. आजही नवीन पोरांना पहिले दोन महिने त्याच पेटीवर बसवतो. माउस नंतर. पालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

मधली सात-आठ वर्षं बरी गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. 2014 च्या नोव्हेंबरात शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं, आम्ही लेटरहेड बदलून घेतलं.

आणि 2015 च्या जूनमध्ये आमच्यापासून चार दुकानं सोडून एक नवीन इन्स्टिट्यूट उघडली. नाव लिहीत नाही. एसी लॅब, फिरत्या खुर्च्या, काचेचं दार, आणि फ्लेक्सवर "तीन महिन्यांत ॲनिमेटर, नोकरीची हमी". तीन महिन्यांत पोरगं ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालींच्या वक्ररेषांची खिडकी, उघडून घाबरायचं थांबत नाही, ॲनिमेटर कुठला होतोय! पण फ्लेक्स वाचणाऱ्याला हे कोण सांगणार. आमच्याकडे बावीस मुलं होती, दसऱ्यापर्यंत तीन उरली. त्यातलं एक घरमालकाचा भाचा.

मुलं गेली याचं मला फार नाही. मला लागलं ते दुसरंच. आमचा पहिला विद्यार्थी, अर्ध्या फीवर घेतलेला, नंतर आमच्याकडेच शिकवणारा, तो त्यांच्याकडे हेड होऊन गेला. जाताना सांगूनही गेला नाही. महिन्याभरानं मी गोवावेसला सिग्नलला थांबलो होतो, वर बघतो तर त्यांच्या फ्लेक्सवर आमची म्हातारी.

या म्हातारीबद्दल सांगितलं पाहिजे. सहा सेकंदांचा शॉट, 144 फ्रेम. खानापूरच्या स्टँडवर म्हातारी बसलीय, गाडी येते, ती उठते, गाडी तिची नाही, ती परत बसते. एवढंच. पोरानं पहिल्यांदा केलं तेव्हा म्हातारी गाडी दिसताच दोन्ही हात वर करायची, दोन्ही भुवया वर, तोंड उघडं. नंतर दोन्ही खांदे पाडून रडवेली. डावं-उजवं सगळं सारखं, एकाच फ्रेमला. ट्विनिंग म्हणजे काय ते कोणाला शिकायचं असेल तर तो पहिला टेक मी जपून ठेवलाय. मामांनी तो बघितला, काही बोलले नाहीत. मामींचं जुनं लुगडं मागवलं, अंगावर घेतलं आणि आरशासमोर बाकावर बसले. मी स्टॉपवॉच धरलं, पोरगं कॅमेरा. मामांनी आठ वेळा केलं. आठव्या वेळेला गाडी आली तेव्हा फक्त डोळे गेले, मग मान, मग कंबर. नजर आधी आणि धड शेवटी. गाडी आपली नाही हे कळल्यावर चेहऱ्यावर काहीच झालं नाही. पदराचं टोक मात्र बोटाला दोन वेढे घालून घट्ट झालं, आणि बसताना एक पापणी मिटली, जरा सावकाश. पोरानं ते तसंच्या तसं शॉटमध्ये आणलं.

तर गोवावेसच्या त्या फ्लेक्सवर तीच फ्रेम होती. पदराचे वेढे पडलेलं ते बोट बारा फूट मोठं. खाली त्यांच्या इन्स्टिट्यूटचं नाव. मामांना मी मुद्दाम त्या रस्त्यानं नेलं नाही, पण त्यांना कोणीतरी दाखवलंच. म्हणाले, "हात माझाय, बघ." आणि चहा घ्यायला गेले.

त्या वर्षी दोन मशिनं विकली. मेंटेनन्स, भाडं, हप्ता, सगळं थकलं. मुलं नाहीत म्हणून फी नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घ्यावं लागलं. कुंकू, हळद, पाठवणी, रात्री तीनपर्यंत.

आम्हाला वर काढलं अण्णांनी. उद्यमबागेत त्यांची फाउंड्री. दरवर्षी कामगारांसाठी सुरक्षेची एक छोटी फिल्म करून घ्यायचे, आमची सुरुवातीची फिल्मही त्यांचीच. त्या वर्षीचा विषय ओला लॅडल, म्हणजे वितळलेला रस न्यायचं भांडं. ओल राहिलेल्या लॅडलमध्ये वितळलेलं लोखंड ओतलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो, हे फाउंड्रीत कोणाला सांगायची गरज नाही. पण नवीन पोरं घाईत विसरतात. शॉट असा: कामगाराला लॅडलच्या काठावर ओल दिसते, तो हात मागे घेतो.

मी तीन दिवसांत करून नेला. पैशांची घाई होती. अण्णांनी ऑफिसात उभ्या उभ्याच बघितला आणि म्हणाले, "इंवा विचार माडाकत्तिल्लरी." हा विचारच करत नाही. मी म्हटलं, अण्णा, बघतोय की, दचकतोय की. ते म्हणाले, "दचकायचं नाटक करतोय. आमचा माणूस आधी बघतो, मग त्याला खरं वाटत नाही, मग घाबरतो." आणि मला बाहेर शॉपमध्ये नेऊन एका फोरमनला चुकीचं माप असलेलं पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, हातात दिलं. त्याचा चेहरा मी आजही फ्रेम बाय फ्रेम सांगू शकतो.

माझी चूक साधी होती. दिसणं आणि घाबरणं मी एकाच फ्रेमला टाकलं होतं. घरी येऊन सगळ्या कीज, म्हणजे ठरवलेल्या पोझ, उडवल्या, परत स्टेप्डमध्ये ब्लॉकिंग केलं, म्हणजे मधली हालचाल न भरता नुसत्या पोझ मांडल्या. नजर काठावर जायला तीन फ्रेम. मग चौदा फ्रेम काहीच नाही, नुसता श्वास अडलेला. मग पापणी एकदा. मग भुवया आत, आधी डावी. हात त्यानंतर. अण्णांनी ती फिल्म बघितली, "हौद्री", बरोबर, म्हणाले आणि पुढच्या तीन फिल्म्सचे पैसे आगाऊ दिले. लेखी काही नाही. त्यातून भाड्याची बाकी फिटली.

मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. नवीन पोरं प्रत्येक शब्दाला हात देतात. 'मी' म्हटलं की छातीवर, 'तू' म्हटलं की बोट, 'तिकडे' म्हटलं की तिकडे. निवडणुकीच्या भाषणातही एवढं कोणी करत नाही. अख्ख्या वाक्याला एक विचार असतो. हात विचाराला द्या, शब्दाला नको. लिपसिंक, म्हणजे ओठ आवाजाशी जुळवणं, सगळ्यात शेवटी, आणि ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडू देत. शॉट झाला की स्क्रीनवर कॅरेक्टरच्या तोंडावर अंगठा ठेवा, आवाज बंद करा. तरी कळत नसेल त्याला काय वाटतंय, तर शॉटमधली उणीव तोंडानं झाकलीय एवढंच. आणि स्वतःचं रेफरन्स, म्हणजे बघून काढायला स्वतः केलेला अभिनय, स्वतः शूट करा, लाजू नका. दार लावून घ्या हवं तर. धंदा करणाऱ्यांना वेगळं सांगायचं तर, कर्ज काढून एसी लावू नका.

2019 च्या ऑगस्टच्या पावसात तळमजल्यात पाणी शिरलं, लाइट बॉक्सचं प्लायवूड फुगलं. त्याच सुमारास ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरचं 2.80 आलं होतं, लायसन्सचा खर्च नको म्हणून आम्ही त्यावर गेलो. मग लॉकडाऊन. चंदगड, गडहिंग्लजची मुलं महाराष्ट्रात, हद्दीपलीकडे अडकली, त्यांना फोनवर शिकवलं. आरसा ज्याच्या त्याच्या घरचा.

मामा आता येत नाहीत, गुडघे धरलेत. शॉट मोबाईलवर पाठवतो, ते आवाज बंद करूनच बघतात.

ती इन्स्टिट्यूट लॉकडाऊननंतर उघडलीच नाही. तिथं आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. तिचं सामान जुन्या बाजारात आलं तेव्हा दोन फिरत्या खुर्च्या मी घेतल्या. एक चांगली आहे, एक बसलं की कुरकुरते. पालक आले की कुरकुरणारी पुढे करतो.