काळा दगड दळायला डबा कुठला आणि गोळे कुठले?

बॉल मिल म्हणजे माल, पाणी आणि कठीण गोळे भरलेला डबा दोन रोलरवर आडवा फिरवत ठेवून माल दळायचं यंत्र. ती घरी करायची म्हटलं की बहुतेकांचं घोडं मोटर आणि पुलीपाशी अडतं. सोलापुरात तो भाग सगळ्यात सोपा. यंत्रमागाच्या गावात जुनी मोटर, पुली, व्ही-बेल्ट, पेडेस्टल बेअरिंग काहीही मागा, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास कुणाकडे तरी पडलेलं असतंच. माझं डोकं खाल्लं ते माल ज्यात फिरणार त्या डब्यानं आणि त्यात घालायच्या गोळ्यांनी.

मी मातीची भांडी करते आणि त्यांच्यावरचं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून चढणारा काचेसारखा थर, तेही घरीच बनवते. मला दळायचा होता आपला काळा दगड, बेसाल्ट. क्रशरवर खडी फोडताना जी बारीक कच निघते, ती पोतंभर सहज मिळते. या दगडात जवळपास निम्मी सिलिका असते, लोहाचं ऑक्साइड दहा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच, आणि १२०० अंशांच्या सुमारास तो वितळायला लागतो. थोडी लाकडाची राख आणि फेल्डस्पार (ग्लेझमध्ये वापरतात ते एक खनिज) मिसळलं की त्याचं सुंदर तपकिरी-काळं ग्लेझ होतं. अट एकच, माल २०० मेशच्या चाळणीतून गेला पाहिजे, म्हणजे कण ७५ मायक्रॉनच्या आत हवेत. खलबत्त्यात ते होत नाही. मिक्सरमध्ये करायला जाल तर पाती जातील आणि घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतील त्या वेगळ्या.

निवडीआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घेतली. मिलमध्ये एकटा माल झिजत नाही. गोळे झिजतात, डब्याची आतली बाजू झिजते, आणि ते सगळं मालातच उतरतं. त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेताना मी एवढंच विचारत होते: याची झीज माझ्या ग्लेझला चालेल का?

डब्यासाठी पहिली नजर गेली घरातल्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर. आईनं ‘तिला हात लावलास तर बघ’ म्हणून सांगितलं, पण तसंही ती कामाची नव्हती. ती खाली निमुळती आणि पोटात फुगलेली, त्यामुळे रोलरवर सरळ फिरणार नाही. आतली चकाकी हीच एक ग्लेझ, ती खरवडून मालात येणार. शिवाय झाकण पाणी धरत नाही. स्टीलचा पिठाचा डबा गोल असतो, पण त्याचा पत्रा पातळ. आत गोळे आपटून पोचे पडतात आणि आवाज असा होतो की मागांच्या खटखटीला सरावलेले शेजारीसुद्धा दार वाजवतील.

मग १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला. नळाचं सामान विकणाऱ्याकडे कापून उरलेला तुकडा मिळून जातो. एका बाजूला एंड कॅप कायमची चिकटवली, दुसऱ्या बाजूला आट्यांचं झाकण आणि खाली रबरी वायसर. आतली लांबी २० सेंटिमीटर ठेवली. फिटिंग पाइपापेक्षा जाड असतात, त्यामुळे डबा टेकतो तो मधल्या पाइपावर. रोलरचं अंतर आणि लांबी त्या हिशेबानं धरावी लागते.

पण नुसतं पीव्हीसी आतून फार गुळगुळीत असतं. गोळे भिंतीबरोबर वर चढतच नाहीत, तळाशी घसरत राहतात आणि दळण होत नाही. त्यावर उपाय पंक्चरवाल्याकडे मिळाला. ट्रकची फाटकी ट्यूब आणून कापली, दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरनं खरवडले आणि रबराच्या सोल्यूशननं आत अस्तर लावलं. दोन टोकांचा जोड मुद्दाम दोन बोटं एकावर एक चढवला. ती उंच पट्टी दर फेऱ्याला गोळ्यांना उचलून धरते. अस्तराचा कडेचा भाग मात्र नीट दाबून बसवा, नाहीतर दळलेल्या ओल्या मालाचा गाळ खाली शिरतो आणि पुढच्या मालात उगवतो. रबराची जी काय किंचित झीज होते ती भट्टीत जळून जाते, म्हणून ती मला चालली. भट्टीजवळ खिडकी उघडी ठेवायची, एवढंच.

आता गोळे. इथे मी बरेच दिवस घालवले, आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे काचेच्या गोट्या. नुसतं पाणी आणि गोट्या घालून रात्रभर फिरवल्या. सकाळी पाणी दुधट झालेलं. एक गोटी पुसून उजेडात धरली तर पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा आंधळा, आणि त्यावर अर्धचंद्राच्या आकाराच्या बारीक बारीक चिरा. दळायला दगड नसताना ही गत. काचेची घनता २.५ (म्हणजे पाण्याच्या अडीचपट), कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर साडेपाचच्या आसपास, म्हणजे बेसाल्टमधल्या फेल्डस्पारपेक्षाही कमी. काच ग्लेझमध्ये विरघळेल हे खरं, पण तिच्यातला सोडा आणि चुना किती उतरला हे कळत नाही आणि रेसिपी हातातून निसटते. गोट्या बाद.

बेअरिंगचे छर्रे मला मोहात पाडत होते. घनता ७.८, माल झटपट फुटतो. काळ्या ग्लेझमध्ये आधीच लोह आहे, थोडं आणखी गेलं तर काय बिघडतं? काही नाही. पण ओल्या दळणात ते गंजतात, आणि माझ्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरले तर आठ किलो होतात. प्लास्टिकच्या डब्यावर आणि छोट्या मोटरवर तेवढा भार नको. पांढऱ्या ग्लेझला तर ते चालतच नाहीत, लोखंडाचा कण भट्टीतून तपकिरी ठिपका होऊन बाहेर येतो.

कुंभार वेशीतले एक काका म्हणाले, ‘सीना नदीतले गोटे घे की गं, फुकटात काम.’ मला हे चेष्टेवारी वाटलं नाही, कारण जुन्या मिलमध्ये गारेचे गोटेच असत. नदीतले काळे गोटे तर बेसाल्टचेच, म्हणजे त्यांची झीज हा मालच! तत्त्व म्हणून मला हे अजूनही आवडतं. पण मालाएवढाच कठीण गोटा मालाबरोबरच झिजतो, आकार वेडेवाकडे, आणि वजन कमी. दळण झालं, पण फार सावकाश. पांढऱ्या गारगोटीचा कठीणपणा ७, ती टिकते; मात्र आत चीर असली की फुटते आणि धारदार तुकडे अस्तर फाडतात.

शेवटी अ‍ॅल्युमिनाचे गोळे (पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकचे) मागवले, गुजरातेतल्या मोरबीकडून. तिकडे टाइल्सचे कारखाने असल्यानं हा माल मिळतो, पण विकणाऱ्याला पोत्यानं विकायचं असतं. चार किलो म्हटल्यावर फोनवरची शांतता ऐकण्यासारखी होती. घनता ३.६ आणि कठीणपणा ९. झीज इतकी कमी की ग्लेझला जाणवत नाही, आणि जी होते ती पांढरी. झिर्कोनिया हे आणखी जड सिरॅमिक, घनतेला ६ असतं, पण त्याचा भाव ऐकून मी विषय बंद केला. एकाच मापाचे गोळे घेऊ नका. मी २०, १५ आणि १० मिलिमीटरचे मिसळले. मोठे खडा फोडतात, लहान पीठ करतात. माल आधी चाळून दीड-दोन मिलिमीटरच्या आत आणायचा, त्याहून मोठा खडा या गोळ्यांना दाद देत नाही. नवे गोळे पहिल्यांदा वाळू-पाण्यात फिरवून तो गाळ फेकून दिला.

भरण्याचा हिशेब सोपा आहे. डब्यात साडेतीन लिटर मावतात. निम्मे गोळे, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. मग पाऊण किलो कच आणि गोळे जेमतेम बुडतील एवढं पाणी. वरची जागा मोकळी राहू द्या, गोळ्यांना पडायला उंची लागते.

वेग किती? गोळे भिंतीला चिकटून फिरायला लागतात तो वेग काढायला (डब्याचा आतला व्यास वजा गोळ्याचा व्यास) याचं वर्गमूळ घ्यायचं आणि ४२.३ ला त्यानं भागायचं, व्यास मीटरमध्ये. अस्तरासकट माझा डबा १४८ मिलिमीटर, गोळा २०, उत्तर मिनिटाला ११८ फेरे. त्याच्या ६५ ते ७० टक्के धरले, म्हणजे सुमारे ८०. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर दोन इंची पुली, रोलरवर नऊ इंची, आणि रोलरच्या दांड्याला पाण्याचा होज चढवून व्यास ४० मिलिमीटर. गणित बरोबर ८० ला येतं. डबा फिरता फिरता एका बाजूला सरकतो, म्हणून दोन्ही टोकांना अडवायला एकेक छोटं चाक लावलं. बेल्टवर जाळी हवीच, घरात ओढण्या आणि लहान मुलं असतात.

चालू असताना कान द्यावा. सलग सळसळ येत असेल तर काम चाललंय. टकटक वाजू लागलं तर गाळ पातळ आहे आणि गोळे एकमेकांनाच खातायत. आवाज बसला तर गाळ घट्ट झालाय. अशा वेळी बंद करून थोडं पाणी घालते. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमध्ये मिल चालवत नाही, गरम पीव्हीसी मऊ पडतं. लाइट गेली तर माल तळाशी बसतो, म्हणून परत सुरू करण्याआधी डबा हातानं हलवून घ्यायचा.

गाळ स्क्रीन प्रिंटिंगच्या नायलॉन कापडातून गाळते. वर उरलं ते पुढच्या घाण्यात जातं. वाळल्यावर कोरडी पूड हाताळताना एन-९५ मास्क लावतेच, सिलिकेची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही.

पांढऱ्या ग्लेझसाठी वेगळा डबा केलाय, कारण रबरात बसलेला काळा कण धुऊन जात नाही. गोळे मात्र तेच. ते पांढऱ्यासाठी वापरायच्या आधी मूठभर फेल्डस्पार आणि पाणी घालून तासभर फिरवते, ते पाणी ओतून देते आणि मग पांढऱ्याचा माल भरते.